खुंट्या

दर गुरुवारी, पहाटे तीनच्या सुमारास
तार्तूच्या इस्पितळातला सर्व्हर मान टाकतो.
रात्रपाळीची नर्स तो पुन्हा चालू करते, कपाळाला आठी,
आणि पुढच्या बुधवारपर्यंत सगळं आलबेल.

केर्टु तिसऱ्या मजल्यावर कोड वाचत बसली आहे.
बाहेर फेब्रुवारी. नदीवरून लोक चालत जातायत.
चूक दिसायला गरीब:
फाइल उघडली, वाचली,
अकरा ओळी खाली जाऊन बंद केली.
पण त्यातल्या सातव्या ओळीवर
कुणा रुग्णाच्या नावातलं एखादं अक्षर अडखळलं
की प्रोग्राम तिथूनच खिडकीतून उडी टाकतो
आणि बंद करणारी ओळ,
पाहुणा न आलेल्या पानासारखी,
वाढलेली तशीच राहते.

आता उघड्या आहेत एक हजार तेवीस.
आणखी एक, मग कुणाला काहीच उघडता येणार नाही.

हेल्डुरला हे कळलं असतं.
तिचा बाप. विल्यांदीच्या नाटकगृहात
एकतीस हिवाळे कोट सांभाळणारा.
खुंट्या चारशे बारा, पितळी बिल्ले चारशे बारा.
गर्दीच्या रात्री एका खुंटीवर तीन-तीन कोट;
शेवटी टांगलेला आधी निघणार,
उलट केलं तर अस्तरं फाटतात, तो म्हणायचा.
नाटक त्यानं एकही पाहिलं नाही.
ते कसं संपलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

त्या वर्षी दुसऱ्या अंकात पडद्यामागे धूर झाला.
माणसं पातळ बुटांत, उघड्या खांद्यांनी
थेट उणे एकोणिसात पळाली.
बिल्ला दाखवायला कोण थांबतंय?
हेल्डुर थांबला.
कवेत मावतील तेवढे कोट घेऊन बाहेर,
बर्फात उभा राहून नंबर पुकारत,
पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
खोकत, शिव्या देत,
जणू नाटक नेहमीसारखंच संपलंय.

एक राहिला. एकशे सात.
करडा, बाईमाणसाचा, खिशात सुकलेली संत्र्याची साल.
कुणी आलंच नाही.
पुढचे सगळे हिवाळे ती खुंटी अडलेली;
भरलेल्या रात्री शेवटच्या माणसाला तो सांगायचा,
कोट मांडीवर घेऊन बसा, जागा नाही.

केर्टु बंद करणारी ओळ उचलते,
उघडणारीच्या शेजारी आणून बसवते.
आता हातात घेतानाच परत देण्याचं ठरलेलं.
वाट सरळ असो, अर्धवट असो, पडझडीची असो,
त्या महिरपी कंसातून बाहेर पडताना
हात रिकामे होणारच.
महिरपी कंस हे आपलं नाव. तिला ते माहीत नाही.
मी मात्र तिथे कमान बघतो,
आणि खाली बिल्ले मोजणारा हेल्डुर.
त्या ओळीला 'बंद' म्हणायलाही जीभ धजत नाही;
आपल्याकडे दुकानसुद्धा
वाढवतात.

ती मुद्दाम चूक घडवून बघते.
नावात वेडंवाकडं अक्षर घालते.
प्रोग्राम कोसळतो, छान कोसळतो,
उघड्या फाइली: शून्य.
पुन्हा कोसळवते. शून्य.
कॉफी केव्हाच गार झालीय. तरी एक घोट घेते.

मग पिशवीत किल्ली शोधताना
दुसरीच किल्ली हाताला लागते.
विल्यांदीचं घर. बाप ऑक्टोबरात गेला.
घरमालकीणबाईंची दोन पत्रं येऊन पडलीत,
भाडं ती भरतेच आहे,
रिकाम्या दोन खोल्यांचं, आणि दाराआडच्या
एका करड्या कोटाचं,
जो नाटकगृहानं रंगकामाच्या वेळी
फेकायला काढला होता
आणि हेल्डुरनं घरी आणला.

गुरुवारी सर्व्हर उभा राहतो.
नर्सला कळतही नाही की काही घडलं नाही.

शनिवारी केर्टु विल्यांदीच्या बसमध्ये.
किल्ली मुठीत इतकी गरम झालीय
की तिला ती क्षणभर
आत्ताच कुणीतरी दिल्यासारखी वाटते.